ठिणगीच्या आधी

वाशी तालुक्यातले तेरखेडा हे गाव फटाक्यांसाठी दूरवर ओळखले जाते. दिवाळी जवळ आली की तेथील हातांना उसंत नसते, आणि घाई वाढली की धोकाही वाढतो. या गावाने स्फोटांचे दुःख सोसले आहे. अशा वेळी आपण म्हणतो, ‘दैव! दुसरे काय?’ पण दैवाला बोल लावण्याआधी दारू पेटते कशी, ते पाहू या.

सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही दारू. लाकूड जळायला बाहेरची हवा लागते. दारूला लागत नाही, कारण सोऱ्यातच प्राणवायू बांधलेला असतो. म्हणून माती लोटून वा झाकण घालून ती विझत नाही. ठिणगी पडली की माणसाच्या हाती काही उरत नाही. जे करायचे ते आधीच!

लोखंडी हत्यार नको. लाकडी किंवा पितळी घ्यावे. नायलॉनच्या कपड्यांत घर्षणाने वीज साचते, सुती बरे. गंधकात क्लोरेट मिसळणे कायद्यानेच मना आहे, कारण ते मिश्रण नुसत्या घासण्यानेही भडकते. आणि मुख्य म्हणजे, एका खोलीत माल थोडा, माणसेही थोडी, दोन खोल्यांत अंतर. स्फोटकांविषयीचे २००८ चे नियम हेच सांगतात. ५ सप्टेंबर २०१२ रोजी शिवकाशीजवळ एका कारखान्यात तीसहून अधिक माणसे गेली. त्यांत आग पाहून धावत आलेलेही होते. तेव्हा आग दिसली की जवळ न जाता दूर पळावे.

हाइनरिख नावाच्या अमेरिकन विमातज्ज्ञाने १९३१ साली लिहिले की, एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ इजा आणि ३०० इजा न होता टळलेले प्रसंग असतात. या आकड्यांवर पुढे वाद झाला. पण मुद्दा पटण्याजोगा आहे. मोठा अपघात बहुधा आधी सांगून येतो, ऐकणारा हवा.

म्हणून कारखानदारांनी एक वही ठेवावी. रोज संध्याकाळी विचारावे, ‘आज काय थोडक्यात वाचले?’ पूड सांडली, भांडे घसरले, सारे लिहावे आणि सकाळी काम सुरू होण्याआधी दुरुस्त करावे. मात्र सांगणाऱ्या बाईवर रागावू नये, तिची मजुरी कापू नये. नाहीतर उद्या ती गप्प बसेल, आणि परवा वही कोरी राहील. कोरी वही म्हणजे सुरक्षितता नव्हे, बरे का!