कच्च्या घराचा पक्का हिशेब

घर कच्चे की पक्के, हा प्रश्न आपल्याकडे सोयरीक जुळवतानाही विचारला जातो आणि सरकारी अर्जातही. सिमेंटचा स्लॅब पडला की घर पक्के झाले. माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंचे घर मात्र तीन पिढ्या नांदते राहिले तरी कच्चेच! हीच फूटपट्टी लावायची तर विदर्भातले सर्वांत प्रसिद्ध घरही कच्च्यातच जमा करावे लागेल. ते घर म्हणजे सेवाग्रामची बापू कुटी.

१९३६ च्या उन्हाळ्यात गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. टपाल दुसऱ्या, गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागले म्हणून १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. जमनालाल बजाज यांच्या जमिनीवर घर बांधायचे ठरले, तेव्हा गांधीजींची अट होती की खर्च पाचशे रुपयांवर जाऊ नये आणि सामान व कारागीर जवळपासचेच असावेत. त्या अटीतून आश्रमातले पहिले घर, ‘आदि निवास’, उभे राहिले. पुढे मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली झोपडी गांधीजींच्या वापरात आली. तीच आजची बापू कुटी.

येथे येणारा पाहुणा बैठक पाहतो, चरखा पाहतो, हात जोडतो आणि निघतो. त्याने एकदा मान वर करून छपराकडेही पाहावे. लाकडी खांब, त्यांवर आडवी लाकडे, वासे, बांबू आणि सर्वांत वर कवेलू. छप्पर भिंतीच्या बरेच पुढे आलेले आणि खाली उतरलेले. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४६ अंशांपर्यंत जातो आणि जुलैत पाऊस झोडपतो. मातीच्या भिंतीला या दोघांपासून वाचवायचे, तर तिच्यावर सावली धरली पाहिजे. जाड माती हळूहळू तापते, आणि कवेलूंच्या फटींतून घरातली गरम हवा वाटेल तशी निघून जाते. पंख्यावाचून दुपार निभावते, त्यामागे एवढेच शास्त्र आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट चटकन लक्षात येत नाही. अशा घराचा प्रत्येक अवयव वेगळा काढता येतो. एक वासा कुजला तर तेवढाच बदलायचा, चार कवेलू फुटले तर चारच नवे घालायचे. स्लॅबमधली सळई आतून गंजू लागली, तर घरमालकाला ते कळते तोवर पोपडे डोक्यावर पडू लागलेले असतात.

माझी नोकरीतली बरीच वर्षे बँकेच्या ग्रामीण शाखांत गेली. एकदा एक सुतार कर्जाला आला. घर आजोबांच्या वेळचे, सागवानी खांबांचे. खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यांवर उभे केलेले, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही दूर. पण भिंती मातीच्या, म्हणून कागदोपत्री ते ‘कच्चे’ आणि तारणाला निरुपयोगी. पुढे त्याने पैसे जमवून शेजारी स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या. मी वसुलीच्या फेरीवर भर उन्हाळ्यात गेलो, तेव्हा सारे घरदार जुन्या ओसरीवर बसलेले होते. पक्क्या खोल्यांत कापसाची पोती होती.

हे सारे आज आठवण्याचे कारण म्हणजे जंगल पाहायला जाणाऱ्यांची वाढलेली गर्दी. आपल्याच जिल्ह्यात बोरचे अभयारण्य आहे. २०१४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा, देशातल्या सर्वांत लहान प्रकल्पांपैकी एक. अशा ठिकाणी पाहुण्यांसाठी माहिती केंद्र लागतेच. पण ते कशाचे बांधावे? बऱ्याच उद्यानांत आपण सिमेंटचे खांब पाहतो, वर झाडाच्या सालीची नक्षी आणि तपकिरी रंग. खरे झाड हाकेच्या अंतरावर असताना त्याचे सोंग कशाला? सिमेंटच्या कारखान्यांतून जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के वायू बाहेर पडतो. झाडाने मात्र वाढताना हवेतून घेतलेला कार्बन त्याच्या लाकडात, ते कुजेपर्यंत किंवा जळेपर्यंत, साठून राहतो. चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून गेले. तेवढी दूर जाणारी ही लाकडे शेजारच्या जिल्ह्यात परकी ठरू नयेत.

गांधीजींच्या मते आदर्श घराचे सामान पाच मैलांच्या परिसरात मिळाले पाहिजे, असे वास्तुकार लॉरी बेकर सांगत आणि आयुष्यभर केरळात तसे बांधत राहिले. आपल्या पाच मैलांत बांबू येतो. सागाला जून व्हायला साठ-सत्तर वर्षे लागतात. बांबूची काठी तीन-चार वर्षांत तोडणीला येते आणि बेट पुन्हा फुटते. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेर वाढवलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला. शेतकऱ्याच्या बांधावरचा बांबू त्यामुळे मोकळा झाला.

बांबूचे दोषही लपवू नयेत. त्यातल्या पिठूळ सत्त्वावर भुंगेरे तुटून पडतात. म्हणून जुनी माणसे तो हिवाळ्यात तोडून वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत. आता बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवतात. दुसरा शत्रू आग. चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची मोठी बांबूची इमारत फेब्रुवारी २०२१ मध्ये आगीत सापडली. तिथून बांबू नकोच, हा धडा घ्यायचा नाही. विजेच्या तारा कुठून न्यायच्या, पाण्याची टाकी कुठे ठेवायची, दोन इमारतींत अंतर किती, हे नकाशा काढतानाच ठरवायला हवे, हा धडा घ्यायचा.

जपानमध्ये इसे येथे लाकडी देवस्थान आहे. दर वीस वर्षांनी ते नव्याने बांधतात. २०१३ मध्ये बासष्टाव्यांदा बांधले. वीस वर्षांचे अंतर असे, की म्हाताऱ्या सुताराच्या हाताखाली तरुण सुतार एकदा तरी तयार व्हावा. तिथे लाकूड बदलत जाते आणि कसब टिकून राहते.

आपल्याकडे नेमके उलटे होते. इमारतीला एकदाच भरघोस पैसा मंजूर होतो, फीत कापली जाते आणि देखभालीच्या रकान्यात शून्य. लाकूड-मातीचे घर या शून्याने मरते. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणे, भिंती सारवणे, वासे ठोकून पाहणे याला दरवर्षी माणूस लागतो. बापू कुटी ऐंशीहून अधिक वर्षे उभी आहे, कारण तिच्यासाठी तो माणूस दरवर्षी येत राहिला.

तेव्हा जंगलाच्या दाराशी केंद्र बांधणाऱ्यांनी अंदाजपत्रकात एक ओळ वाढवावी: गावातला एक सुतार आणि एक बुरड, यांची बाराही महिन्यांची मजुरी. जुन्या बँकवाल्याच्या नजरेने पाहिले तर या साऱ्या खर्चातली सर्वांत सुरक्षित गुंतवणूक हीच आहे. पाहुण्यांना वाघ दिसेल न दिसेल. बांबू सोलणारा हात मात्र रोज दिसेल, आणि त्याच्या शेजारी बसून त्याचा मुलगाही ते काम शिकेल.