तबल्याचा हात: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुलै उजाडला की पनवेलमध्ये तबला शिकणाऱ्यांची एक तक्रार हमखास सुरू होते. मे महिन्यापर्यंत खणखणीत वाजणारा ‘ना’ आता बोदा लागतो. शिकणाऱ्याला वाटतं, आपला हातच बिघडला. मग तो जोर लावतो, तर्जनी दुखायला लागते आणि आवाज आणखी बसतो. दोष बहुतेक वेळा हवेचा असतो. पनवेलच्या या पट्ट्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या दमट हवेत तबल्याच्या पुडीचं कातडं ओलावा ओढून घेतं, सैलावतं आणि सूर उतरतो. हातोडीनं गजऱ्यावर वरून बेताचे ठोके दिले, फारच उतरला असेल तर गठ्ठे थोडे खाली सरकवले, की सूर पुन्हा चढतो. पुडीच्या सगळ्या घरांत सूर एकसारखा लागतो आहे का, हे तपासल्याशिवाय रियाजाला बसूच नये. बेसूर तबल्यावर तासभर वाजवणारा माणूस तासभर चुकीचा आवाज कानात मुरवत असतो.

जोर लावला की आवाज मोठा येतो, हा यातूनच जन्मलेला पहिला गैरसमज. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी एस. कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात भारतीय तालवाद्यांवर एक टिपण प्रसिद्ध केलं आणि १९३४ मध्ये त्यावर सविस्तर निबंध लिहिला. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्याला ठरावीक सूर नसतो. तबल्यावर आणि मृदंगावर शाईचे थर चढवल्यामुळे पुडीचं वजन मध्यभागी वाढतं आणि हे उपस्वर सुरेल मेळात येतात, हे रामन यांनी दाखवून दिलं. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेवर अलगद टेकलेली असते. ती पुडीचं सर्वांत खालचं कंपन दाबते आणि वरचा स्वच्छ स्वर मोकळा सोडते. तर्जनी चाटेवर पडते आणि त्याच क्षणी उचलली जाते. ती तिथेच चिकटून राहिली, किंवा अनामिका जास्त दाबली गेली, तर कंपन मरतं. मग कितीही जोर लावा, आवाज ठोकळ्यासारखाच येणार. डग्ग्याचंही तसंच. मनगटाच्या बेताच्या दाबानं घुमारा वरखाली होतो, खांद्याच्या ताकदीनं नाही. बोटांच्या टोकांना घट्टे पडणं ठीक, पण मनगट किंवा कोपर ठणकत असेल तर बैठक किंवा हाताची ठेवण चुकते आहे. ते दुखणं रियाजाची खूण मानून सोसत राहिलेल्यांना पुढे महिनोन्‌महिने वाद्यापासून दूर राहावं लागतं.

‘हात जन्मतःच असावा लागतो, नाहीतर घराणं तरी हवं’, हे वाक्य मोठ्या वयात शिकायला आलेल्यांच्या तोंडी फार असतं. उस्ताद अल्लारखाँ १९१९ मध्ये जम्मूकडच्या शेतकरी घरात जन्मले. घरी तबल्याची परंपरा नव्हती. वादनाच्या ओढीनं त्यांनी पोरवयात घर सोडलं आणि पंजाब घराण्याचे मियाँ कादिर बक्ष यांचं शिष्यत्व पत्करलं. मुंबईतल्या पारशी समाजातल्या आबान मिस्त्री यांनी उस्ताद अमीर हुसेन खाँ यांच्याकडे तालीम घेतली. एकल तबलावादन करणारी देशातली पहिली स्त्री कलाकार म्हणून त्या ओळखल्या जातात. ‘मुलींचा हात हलका पडतो’ म्हणणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर द्यायची गरज नाही. घराण्यातल्या मुलाला फायदा मिळतो हे खरंच. अल्लारखाँचे पुत्र झाकीर हुसेन यांच्या कानावर पाळण्यापासून बोल पडत होते. पण तो फायदा लवकर आणि भरपूर ऐकण्याचा आहे. पनवेलचा शिकाऊ तो उशिरा का होईना, मिळवू शकतो.

यातला सर्वांत नुकसान करणारा समज वेगाचा. चौपटीत तिरकिट वाजवणारा मुलगा घरच्यांना तयार वाटतो. त्याला सांगावं, आता हेच निम्म्या लयीत वाजव. बहुतेक वेळा बोल तुटतात, कारण वेगात झाकली गेलेली बोटांची चूक आता उघडी पडते. बनारसचे पंडित अनोखेलाल मिश्र ‘ना धिं धिं ना’ या साध्या बोलांसाठी देशभर गाजले. अवघड रचनांचा साठा त्यांच्याकडे होताच. लोक थक्क व्हायचे ते अतिद्रुत लयीतही प्रत्येक अक्षर सुटं ऐकू येतं म्हणून. दुसरं टोक विलंबित ख्यालाचं. तिथे एकतालाच्या बारा मात्रांचं एक आवर्तन कधी कधी मिनिटभर चालतं. दोन मात्रांमधली शांतता सांभाळणं नवशिक्याला द्रुत रेल्यापेक्षा जड जातं. म्हणून कायदा आधी ठाय लयीत, लेहऱ्यावर, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करत वाजवावा. कान वाजवताना जे माफ करतो, ते नंतर ऐकताना करत नाही.

मग रोज किती तास? दहा हजार तासांचा आकडा २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकामुळे सगळीकडे पोहोचला. तो ज्या अभ्यासातून आला, तो १९९३ चा अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा, बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरचा. दहा हजार ही तिथली सरासरी होती, नियम नव्हे, असं खुद्द एरिक्सन यांनी नंतर सांगितलं. त्या अभ्यासाचा भर होता तो नेमकी उणीव हेरून, लक्ष देऊन केलेल्या सरावावर. उत्तम विद्यार्थी सराव तुकड्यांत करत आणि दुपारी झोपही काढत. २००२ मध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी बोटांच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात, रात्रीच्या झोपेनंतर लोकांचा वेग सुमारे वीस टक्क्यांनी वाढलेला आढळला. मध्ये सराव झालेला नव्हता. रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा रोजचा पाऊण तास हाताला जास्त लागू पडतो, तो यामुळे.

पनवेलहून हार्बर लाइननं सीएसएमटी गाठायला सव्वा तासाहून जास्त लागतो. नोकरदाराचा रियाज इथेच बुडतो असं म्हणतात, पण पढंतीला, म्हणजे बोल तोंडी म्हणायला, वाद्य लागत नाही. बोटांवर मात्रा मोजत, टाळी-खाली दाखवत कायदा मनात म्हणता येतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना पढंत विचारली जाते, म्हणून पुष्कळ जण ती परीक्षेपुरती करतात. हा आणखी एक गैरसमज. जो बोल तोंडी अडखळतो, तो हाती हमखास अडखळतो.

आता आत्मविश्वास. भीती वाटते म्हणजे तयारी नाही, असं मानून कित्येक जण वर्षानुवर्षं खोलीतच वाजवतात. जगद्विख्यात चेलोवादक पाब्लो कझाल्स यांना आयुष्यभर रंगमंचाची भीती वाटत राहिली. भीती जाण्याची वाट पाहण्यापेक्षा तिच्यासकट वाजवायची सवय लावावी, आणि त्यासाठी पनवेल परिसरात भजनी मंडळाइतकी चांगली जागा नाही. आठ मात्रांचा भजनी ठेका धरायचा, गाणाऱ्याकडे लक्ष ठेवायचं, लय चढू द्यायची नाही. घाबरलेला माणूस नकळत लय वाढवतो, हे तिथे चारचौघांत कळतं आणि तिथेच सुटतं. साथ म्हणजे दुय्यम काम, असं समजणाऱ्यांनी अहमदजान थिरकवा आठवावेत. विसाव्या शतकातल्या थोर एकलवादकांत गणला जाणारा हा कलावंत बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत वर्षानुवर्षं नाट्यपदांची साथ करत होता.

साथीला बसलेल्याची तिहाई कधीतरी समेला चुकतेच. नवखा तिथे थांबतो, चेहरा पाडतो आणि श्रोत्यांना चूक कळते. जाणता वादक त्याच क्षणी ठेक्यावर येतो आणि पुढची सम गाठतो. हेही घरी शिकता येतं. लेहरा चालू ठेवून कायद्याच्या मध्येच हात थांबवायचा, दोन-तीन मात्रा सोडून द्यायच्या आणि लेहरा ऐकत पुन्हा ठेक्यात शिरायचं. सुरुवातीला सम निसटते. पंधरा दिवस रोज थोडा वेळ हे केलं, की मात्रा कुठे चालली आहे हे मोजावं लागत नाही.