घोड नदीच्या पाण्याचा कोरा नकाशा

राजुरीतल्या घरी ओपनसीपीएन हे होड्या-जहाजांच्या नकाशांचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं, तेव्हा पडद्यावर नुसती पिवळट जमीन आली आणि तिच्यावर होडीचं एक इवलं चिन्ह. आळेफाटा नाही, कुकडी नाही, येडगाव-माणिकडोह नाही. या सॉफ्टवेअरच्या लेखी किनारा संपला की जग संपतं, आणि आम्ही तर माळशेजच्या वर, घाटावर. आईने येता-जाता विचारलं, "होडी कुठंय?" भाच्याने पडद्यावर बोट ठेवलं, "ही काय, आपल्या गोठ्यात."

खरी होडी डिंभ्याला होती. घोड नदीवरचं हे धरण, त्याच्या जलाशयाला नाव हुतात्मा बाबू गेनूंचं. या पाण्याखाली जुनं आंबेगाव आहे. तालुक्याला आजही त्याचंच नाव, पण कचेऱ्या घोडेगावला. शाश्वत या संस्थेच्या साथीने धरणग्रस्त आदिवासींनी इथे मासेमारीची घडी बसवली. त्यांच्यातल्याच एका मामांच्या होडीत बसून पाण्याखालच्या तळाचा नकाशा करता येतो का, हे आम्हाला बघायचं होतं.

ओपनसीपीएन २००९ पासून लोकांच्या हातात आहे. डेव्हिड रजिस्टर या गृहस्थांनी ते सुरू केलं आणि पुढे स्वयंसेवकांनी वाढवलं. पैसे लागत नाहीत, आतला कोडही खुला, आणि आमच्या जुनाट लिनक्स लॅपटॉपवर ते विनातक्रार चालतं. पण सॉफ्टवेअर फुकट असलं तरी नकाशे सगळीकडे फुकट नसतात. अमेरिकेचं सरकार आपल्या किनाऱ्याचे नकाशे मोफत देतं. आपल्याकडचे समुद्री नकाशे डेहराडूनचं नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय काढतं आणि ते विकत घ्यावे लागतात. डिंभ्यावर होडीसाठी उघडावा असा नकाशा तर आम्हाला विकतही मिळाला नाही. तेव्हा तो करणं आलं.

आधी जीपीएस. पेनड्राइव्हएवढं यंत्र यूएसबीत खोचलं, तरी चिन्ह हलेना. लिनक्समध्ये त्या पोर्टला हात लावायची परवानगी वेगळी द्यावी लागते. आपलं नाव 'डायलआउट' गटात घालून लॅपटॉप पुन्हा सुरू केला की ओळी धडाधड यायला लागतात. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी, स्वल्पविरामांनी तोडलेली ही एकेक ओळ म्हणजे वेळ, अक्षांश, रेखांश, वेग. जहाजांवरची यंत्रंही एकमेकांशी याच एनएमईए भाषेत बोलतात. फक्त अंशांनंतरचे आकडे दशांश नसून मिनिटं असतात, हे ध्यानात ठेवावं लागतं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. आमच्या अक्षांशावर रेखांशाचं मिनिट त्याहून शंभरेक मीटरने आखूड भरतं. (आमच्या जवळच खोडदच्या आसपास रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या दूरच्या आकाशगंगांकडे कान लावून बसल्या आहेत. आमची तबकडी नखाएवढी, आणि तिला वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांचं ऐकू आलं तरी पुरे.)

मग तळाला काय अंथरायचं? क्यूजीआयएस या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उपग्रहाचं चित्र घेऊन त्याचे तुकडे ओपनसीपीएनला चालतील अशा फाइलीत बांधले. त्यावर धरणाच्या आधीचा जुना नकाशा चढवला, कारण नदीचं मूळ पात्र त्यातच दिसतं. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्ट या पृथ्वीमापावर काढलेले आणि जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ वर. दोहोंत आपल्याकडे शंभर मीटरच्या आसपास फरक पडतो. तो न सरकवता नकाशा लावला, तर घोड नदी शेजारच्या टेकाडावर चढते.

होडीत सगळा संसार टोमॅटोच्या क्रेटमध्ये बसला. लॅपटॉप, मासे शोधायचं जुनं सोनार, आणि त्याला वीज द्यायला फवारणीच्या पंपाची बॅटरी. ऊन असं की पडद्यावर आपलंच तोंड दिसावं. भाचा डोक्यावर गोणपाट घेऊन आत शिरला आणि तिथूनच आकडे ओरडत राहिला. मामा वल्हं मारत होते. होडी थांबली की पडद्यावरचं चिन्ह मात्र स्वतःभोवती गिरक्या घ्यायचं. दिशा त्याला चालण्यावरून कळते आणि उभ्या होडीला दिशाच नसते. मामांनी वाकून पाहिलं, "याला भवळ आली का?"

सोनार आवाज खाली सोडतं आणि तो परत यायला लागलेल्या वेळेवरून खोली काढतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो. खोलीचा आकडाही एनएमईए ओळीतूनच येतो, त्यामुळे जागा आणि खोली एकाच फाइलीत नोंदली जाते. पडताळ्याला आम्ही दगड बांधलेली दोरी सोडली. मऊ गाळावर दोरी आणि सोनार यांचं जमत नव्हतं, खडकावर जमायचं. गाळावर मी दोरीचं ऐकलं.

खरा गुंता खोलीचा आहे. समुद्राच्या नकाशावरची खोली ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून मोजतात, म्हणजे प्रत्यक्षात पाणी सहसा त्याहून जास्तच मिळतं. मुंबईत उधाणाला पाच मीटरपर्यंत फरक पडतो, पण तो आधी छापून मिळतो. धरणाला भरती-ओहोटी नाही, आवर्तनं आहेत. कालवा सुटला की पाणी उतरत जातं, आणि कडक उन्हाळ्यात जुन्या आंबेगावची देवळं उघडी पडतात. मार्चमध्ये मोजलेली खोली मे महिन्यात थापच ठरते. म्हणून खोली लिहायचीच नाही. जलसंपदा विभाग रोज धरणाची पातळी नोंदवतो. त्या दिवसाच्या पातळीतून खोली वजा केली की तळाची समुद्रसपाटीपासूनची उंची निघते. ती जपून ठेवायची, आणि जायच्या दिवशी त्या दिवसाच्या पातळीतून पुन्हा वजाबाकी करायची. गाळ साचेल तसे हेही आकडे शिळे होणार, पण कालव्याच्या वेळापत्रकाने नव्हे. एवढं करायला ओपनसीपीएनमध्ये सोय दिसेना, तेव्हा आम्ही साधी तक्त्याची फाइल केली. माझ्या मते नकाशापेक्षा तो तक्ताच मोलाचा.

मामांना दोन्हींत रस नव्हता. कुठे किती परस पाणी, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी विचारलं ते वेगळंच, "जाळं फाडणारी खोडं टाकता येतील का यात?" पाण्यात गेलेल्या झाडांचे बुंधे अजून उभे आहेत आणि त्यांच्यात जाळी अडकतात. होडीच्या जागेवर खूण टाकायची कळ ओपनसीपीएनमध्ये आहे. मामा त्या त्या जागी होडी नेत, "हितं" म्हणत, आणि गोणपाटाखालून भाचा कळ दाबायचा. उपग्रहाच्या चित्रात यातलं एकही खोड नव्हतं, आणि दोन खोडांमधून जाताना सोनारही गप्पच होतं.

लॅपटॉप रोज होडीत न्यावा असं मी कुणाला सांगणार नाही. त्याची जागा घरी, नकाशा जुळवताना. खुणांची जीपीएक्स फाइल मात्र फोनवरच्या मोफत नकाशातही उघडते. ती मामांच्या मुलाला पाठवली. त्याने त्याच संध्याकाळी कळवलं, की पलीकडच्या काठाची दोन खोडं वडलांनी सांगितलीच नाहीत, तिथे त्यांना मासे चांगले लागतात.