चष्म्याचा नंबर संपल्यावर

‘आता नंबर बदलून फरक पडणार नाही,’ असं डॉक्टरांनी सांगितलं की पेशंट फाइल उचलून घरी जातो. मोतीबिंदूला ऑपरेशन आहे; पण मधुमेहाने पडदा बिघडला किंवा वयोमानाने त्याचा मधला भाग झिजला, तर उरलेल्या नजरेचं काय करायचं हे सहसा कुणी सांगत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मात्र या अधल्यामधल्या नजरेला अल्पदृष्टी म्हणून जागा आहे.

ही उरलेली नजर वापरायला शिकवण्यासाठी मोठं केंद्रच हवं, हा समज चुकीचा. सुरुवात रोजच्या दवाखान्यातही होते. तक्त्यावरचं सगळ्यात वरचं अक्षर तेवढं वाचता येतं, म्हणजे नजर ६/६०. साठाला सहाने भागा: दहा. वर्तमानपत्र वाचायला साधारण दहा डायॉप्टर नंबरच्या चष्म्यापासून सुरुवात करावी. पण या जाड चष्म्यातून अक्षर स्पष्ट दिसतं ते दहा सेंटिमीटरवर, अगदी नाकाजवळ. घोडं अडतं ते इथेच. आजोबा सवयीने पेपर हातभर लांब धरतात, सगळं पुसट दिसतं आणि चष्मा कपाटात जातो. समोर बसवून, कागद नाकापाशी आणून तो हळूहळू लांब न्यायला शिकवलं, तर तोच चष्मा कामाला येतो. हात थरथरत असेल तर कागदावर टेकवायचं स्टँडचं भिंग द्यावं. दिवा बाजूने, जवळ ठेवावा. काळ्या कार्डशीटला एका ओळीएवढी खाच पाडली की ओळ चुकत नाही; खर्च जवळजवळ शून्य.

तक्ता वाचून झाल्यावर विचारावं: नोट ओळखता येते का? तांदळातले खडे दिसतात का? उतरताना पायरीची कड कळते का? आणि एक प्रश्न आवर्जून: नसलेली माणसं, फुलं, नक्षी दिसते का? शार्ल बोने या स्विस विद्वानाने १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हेच नोंदवलं होतं. नजर कमी झाली की मेंदू रिकाम्या जागी स्वतःची चित्रं भरतो. लोक वेडं ठरवतील म्हणून आजी हे सुनेलाही सांगत नाही.

भिंग सगळ्यांनाच चालतं असंही नाही. काचबिंदूत बाजूची नजर जाऊन नळीतून पाहावं तसं झालं असेल, तर मोठी अक्षरं त्या नळीत मावतच नाहीत. अशांना, आणि शाळकरी मुलांना, अल्पदृष्टी केंद्राची चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीत नुसता ६/६० नको. फळा वाचायचाय की पोथी, तेही लिहावं.