कोरडेपणाचा गंज

गंज कशाने चढतो? शाळेतलं पोरही सांगेल, पाण्याने आणि हवेने. म्हणून तर आपण पावसाळ्याच्या तोंडावर विळ्या-कोयत्यांवर तेलाचा हात फिरवतो, फाटकाला ऑइलपेंट मारतो, सायकलची चेन पुसून ठेवतो. कोरडं असेल ते टिकेल, हा आपला पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे, आणि तो खराही आहे.

आता प्रयोगशाळेतला एक प्रयोग बघा. ॲल्युमिनियमचा तुकडा इथेनॉलमध्ये बुडवायचा. इथेनॉल असं, की त्यात पाण्याचा लवलेशही नको. डबा घट्ट बंद करायचा, कारण इथेनॉल ७८ अंशांनाच उकळतं आणि आपल्याला ते दाबाखाली द्रवरूपातच १०० अंशांच्या पुढे न्यायचं आहे. बराच वेळ काहीच घडत नाही. मग एकाएकी तुकड्यावर खड्डे पडू लागतात, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, आणि एकदा सुरुवात झाली की धातू भराभर विरघळत जातो. याच प्रयोगात इथेनॉलमध्ये शेकड्याला एखादा भाग पाणी आधीच घालून ठेवलं तर? काही म्हणजे काही होत नाही. तुकडा जसाच्या तसा!

पाण्याने धातूला वाचवलं? हो, वाचवलं. पेट्रोल-डिझेलला पर्याय म्हणून आपण जी इंधनं आणतो आहोत, त्यांच्यात हा चमत्कार पुन्हा पुन्हा भेटतो.

ॲल्युमिनियम हा मुळात भलताच चळवळ्या धातू. उघडा पडला की क्षणार्धात हवेतल्या ऑक्सिजनला पकडतो. मग स्वयंपाकघरातलं पातेलं वर्षानुवर्षं टिकतं कसं? कारण त्या पकडापकडीतून धातूवर ऑक्साइडचा एक पापुद्रा तयार होतो आणि पुढचा सगळा व्यवहार तिथेच थांबतो. हा पापुद्रा किती जाड? जेमतेम दोन-चार नॅनोमीटर. वहीच्या एका कागदाची जाडी भरायला असे पंचवीस-तीस हजार पापुद्रे एकावर एक रचावे लागतील! विमानांपासून खिडक्यांच्या चौकटींपर्यंत ॲल्युमिनियमचा सगळा संसार एवढ्याशा थरावर उभा आहे. आणि हा थर जखमेवरच्या खपलीसारखा आहे. ओरखडा पडला, की खाली नवी धरते. तिला लागतो फक्त ऑक्सिजन, मग तो हवेतला असो नाहीतर पाण्याच्या रेणूतला.

बंद डब्यातल्या गरम, कोरड्या इथेनॉलमध्ये नेमका हाच पुरवठा तुटतो. खपली कुठेतरी निघते आणि नवी धरत नाही. उघड्या पडलेल्या धातूशी इथेनॉलचा थेट संयोग होतो, त्यातून ॲल्युमिनियम इथॉक्साइड नावाचं संयुग बनतं, ते इथेनॉलमध्ये विरघळून निघून जातं आणि खालचा ताजा धातू पुन्हा उघडा पडतो. पाण्याचे चार रेणू हाताशी असले की खपली वेळेवर धरते. एवढंच!

आता आपल्याकडे या. २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळणं सुरू झालं, आणि त्यात महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांचा मोठा वाटा आहे. उसाचा रस किंवा मळी आंबवायची आणि ऊर्ध्वपातन करायचं. पण कितीही ऊर्ध्वपातन केलं तरी ९५-९६ टक्क्यांवर गाडी अडते, कारण त्या प्रमाणाला पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात आणि वाफेतही जोडीनेच जातात. उरलेलं पाणी काढायला काय करतात माहीत आहे? ही वाफ जिओलाइटच्या गोळ्यांमधून सोडतात. त्या गोळ्यांना ०.३ नॅनोमीटरची छिद्रं असतात. पाण्याचा रेणू त्यातून आत जातो, इथेनॉलचा रेणू किंचित मोठा असल्याने बाहेरच राहतो. रेणू-रेणूंची अशी निवड करून इंधनाचं इथेनॉल ९९.५ टक्क्यांच्या वर नेतात. म्हणजे जे पाणी ॲल्युमिनियमला हवं असतं, तेच आपण एवढ्या कारागिरीने काढून टाकतो.

का काढतो? कारण पाणी जास्त झालं तर दुसरीच आफत येते. साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळपास मिसळतच नाही, इथेनॉल मात्र हवेतूनही पाणी ओढून घेतं. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी सुखाने मावतं. त्यापलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं. तळाचा हा थर वीज वाहून नेतो, म्हणजे नेहमीच्या गंजाला रान मोकळं. ब्राझीलने १९७९ मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ रस्त्यावर आणली. तिथलं इथेनॉल मुद्दाम पाच-सात टक्के पाण्यासकट वापरलं जायचं. त्याने जस्ताच्या मिश्रधातूचे कार्बोरेटर खाल्ले, तेव्हा तिथल्या अभियंत्यांनी कार्बोरेटरना आतून निकेलचा मुलामा दिला. आज इथेनॉलसाठी बनणाऱ्या इंजिनांत इंधनाच्या गरम वाटेवर स्टेनलेस स्टील किंवा मुलामा दिलेला धातू असतो, तो या शिकवणीतूनच आला. तुमच्या गाडीची टाकी काही शंभर अंशांना तापत नाही, तेव्हा त्या डब्यातल्या प्रयोगाची धास्ती घेऊ नका.

तळाच्या त्या ओल्या थरात आणखी एक बिऱ्हाड येऊन राहतं. ॲसिटोबॅक्टर! घरात व्हिनेगर बनवणारे जिवाणू ते हेच. इथेनॉल खायचं आणि ॲसिटिक आम्ल टाकायचं, हा त्यांचा उद्योग. पंपाखालच्या भूमिगत टाकीच्या तोंडाशी, झाकणाखालच्या खड्ड्यात हे आम्ल वाफेच्या रूपात साठतं. तिथल्या तांब्याच्या बारीक नळीवर निळसर-हिरवी साय धरते, पोलादावर तांबूस भुकटी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१६ मध्ये डिझेलच्या ४२ भूमिगत टाक्या तपासल्या, तर ८३ टक्के टाक्यांत मध्यम ते तीव्र गंज निघाला. डिझेलच्या टाकीत इथेनॉल कुठून आलं? अगदी थोडं, टँकरमध्ये आधीच्या फेरीचं राहून गेलेलं. संशयाची सुई त्याच्याकडेच वळते. जिवाणूंना तेवढं पुरतं.

आता अमोनिया. त्यात कार्बनच नाही, म्हणून जहाजांचं इंधन म्हणून त्याच्याकडे जगाचे डोळे लागले आहेत. ‘फोर्टेस्क्यू ग्रीन पायोनियर’ या जहाजाने २०२४ मध्ये सिंगापूरच्या बंदरात ते वापरून दाखवलं. खतासाठी अमोनिया आपण कधीपासून बनवतो आहोत, अलिबागजवळच्या थळलाही बनतो. १९५० च्या दशकात अमेरिकेतले शेतकरी द्रव अमोनिया थेट जमिनीत सोडू लागले, तेव्हा त्यांच्या पोलादी टाक्यांना तडे जाऊ लागले. गंजाचा ठिपका नाही, भिंत पातळ झालेली नाही, आणि सांध्यांजवळ केसासारखी चीर! अमोनियात चुकून शिरलेली थोडी हवा आणि पोलादातला ताण यांची ती करामत होती. उपाय काय निघाला असेल? पाणी घाला! शेकड्याला ०.२ भाग, म्हणजे हजार किलो अमोनियात दोन किलो. तडे थांबले. अमेरिकेत विशिष्ट कणखर पोलादाच्या टाक्यांतून अमोनिया न्यायचा तर तेवढं पाणी असलंच पाहिजे, असा नियमच आहे. पाण्यामुळे पोलादावरची खपली पुन्हा धरते.

पण पितळाच्या बाबतीत गणित पार उलटं होतं. ब्रिटिश फौजेला हे हिंदुस्थानातच कळलं. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी न वापरताच तडकायची. बारूद ठीक, धातू ठीक, मग झालं काय? १९२१ मध्ये उलगडा झाला. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि नळकांडं ओढून घडवताना पितळात अडकून राहिलेला ताण, ही तीन कारणं एकत्र आली होती. घडवल्यावर पितळ हलकं तापवून तो ताण सोडवला की तडे बंद. आजही अमोनियाच्या वाटेवर पितळेची एक तोटीसुद्धा चालत नाही.

आणि हायड्रोजन? त्याच्यापुढे हे सगळे साधे वाटतात. १८७५ मध्ये विल्यम जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निरीक्षण ठेवलं. पोलादाची तार काही मिनिटं आम्लात बुडवून काढली की ती ठिसूळ होते, वाकवायला गेलं की मोडते. मोडलेली बाजू ओली केली तर तिच्यातून चक्क फेस येतो! भरीव पोलादातून बुडबुडे! आणि तीच तार काही दिवस तशीच ठेवली, तर तिचा चिवटपणा आपोआप परत येतो. पोलादात काहीतरी शिरलं होतं आणि ते चालत बाहेर गेलं होतं.

ते ‘काहीतरी’ म्हणजे हायड्रोजनचे सुटे अणू. एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन, बस्स. लोखंडाच्या अणूंच्या फटींतून ते इतक्या सहज हिंडतात, की शुद्ध लोखंडाची एक मिलिमीटर जाडी ओलांडायला त्यांना काही मिनिटं पुरतात. नेहमीच्या तापमानाला कार्बनचा अणू त्याच लोखंडात जवळजवळ जागचा हलत नाही. जिथे पोलाद ताणलेलं असतं, म्हणजे एखाद्या चिरेच्या टोकाशी, तिथे हे अणू गर्दी करतात आणि चीर पुढे सरकते.

जर्मनीत अमोनियाचा कारखाना उभारू पाहणाऱ्या कार्ल बॉश यांना याचा तडाखा १९११ मध्ये बसला. तप्त हायड्रोजन भरलेल्या त्यांच्या पोलादी नळ्या ऐंशी तासांच्या आसपास फुटायच्या. हायड्रोजन आत शिरून पोलादातल्या कार्बनशी मिथेन बनवत होता, आणि मिथेनचा रेणू इतका मोठा की त्याला बाहेर पडता येत नव्हतं. बॉश यांनी हायड्रोजनला अडवायचा नादच सोडला. आत कार्बनविरहित मऊ लोखंडाची नळी, बाहेर दाब पेलणारी पोलादाची नळी, आणि त्या बाहेरच्या नळीला बारीक भोकं! आतून झिरपून आलेल्या हायड्रोजनने पोलादात न शिरता भोकांतून सरळ निघून जावं. १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊचा अमोनिया कारखाना याच युक्तीवर उभा राहिला. मला तर अभियांत्रिकीच्या इतिहासात याहून सुंदर भोकं माहीत नाहीत.

थंड हायड्रोजनची गोष्ट वेगळी. नळीतला हायड्रोजन जोडीने, रेणूरूपात असतो, आणि ही जोडी पोलादात शिरू शकत नाही. आधी ती फुटली पाहिजे, आणि ती फुटते ताज्या, उघड्या लोखंडावर. चीर पुढे सरकली की नेमकं तेच उघडं पडतं. मग हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन सोडला तर? १९६६ मध्ये हे करून बघितलं गेलं. कणखर पोलादात चीर सरकत असताना हायड्रोजनमध्ये शेकड्याला एक भागाहूनही कमी ऑक्सिजन मिसळला, आणि चीर थबकली! ऑक्सिजनचे रेणू आधी धावत जाऊन ती उघडी जागा अडवतात. ऑक्सिजन बंद केला की चीर पुन्हा चालू.

सुरतेजवळ कवासला २०२३ पासून घरगुती नळाच्या गॅसमध्ये थोडा हायड्रोजन मिसळला जातो. घरापर्यंत येणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्यांना त्याचं काहीच नाही. प्रश्न आहे तो शेकडो किलोमीटर जाणाऱ्या, मोठ्या दाबाच्या पोलादी वाहिन्यांचा. त्यांत थोडा ऑक्सिजन सोडावा, असं संशोधक सुचवतात. पण इंधनघटावर (फ्युएल सेलवर) चालणाऱ्या गाडीला हायड्रोजन असा लागतो, की दहा लाख भागांत ऑक्सिजन पाचाहून जास्त नको आणि पाणीही पाचाहून जास्त नको. वाहिनीला हवा तो ऑक्सिजन पंपावर पुन्हा काढावा लागेल, म्हणजे यंत्रं आली, खर्च आला. म्हणून सध्या प्रयोगशाळांत पोलादाचे खाच पाडलेले नमुने हायड्रोजनच्या बंद पेटीत ताणून बघत आहेत. पेटीत ऑक्सिजन किती कमी ठेवला तरी चीर थांबते, कोणत्या पोलादात, किती दाबाला, हे मोजणं चालू आहे.