‘रुणझुण’ : अर्थ आणि उपयोजन

‘रुणझुण’ हा अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द आहे. पैंजणांचा किंवा घुंगरांचा मंद, लयबद्ध नाद तो सूचित करतो. बांगड्यांची किणकिण, नाण्यांची खणखण आणि पैंजणांची रुणझुण यांत वस्तूनुसार शब्द बदलतो, हे लक्षात घ्यावे. ‘पैंजणांची रुणझुण’ येथे तो स्त्रीलिंगी नाम आहे. ‘पैंजण रुणझुण वाजतात’ येथे क्रियाविशेषण. ‘रुणझुणणे’ हे त्यावरून झालेले क्रियापद होय. ज्ञानदेवांच्या विराणीत मात्र ‘रुणुझुणु’ हे रूप भ्रमराला उद्देशून येते. तेथे पैंजण नाहीत, गुंजारव आहे. म्हणून जुने काव्य वाचताना आजचा रूढ अर्थ लगेच लावू नये. नाद कोणाचा, हे आधी संदर्भावरून ठरवावे.