तरंगाचे चित्र आणि कानाचा निवाडा

न्हावा शेवा येथे २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या बंदरात खोल बुडाचे जहाज आणावयाचे झाले म्हणजे पायलटास भरतीचे कोष्टक आधी पाहावे लागते. कारण उधाणाला साडेचार मीटरांवर चढणारे आणि भांगाला बरेच खाली राहणारे येथील पाणी चंद्राच्या बारा तास पंचवीस मिनिटांच्या, सूर्याच्या बारा तासांच्या आणि त्यांखेरीज कित्येक लहानमोठ्या आवर्तनांच्या बेरजेने हलत असते. ही बेरीज करण्यासाठी विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८७२ च्या सुमारास कप्प्यांचे यंत्र योजिले, आणि १८७९ साली हिंदुस्थानातील बंदरांसाठी लंडनमध्ये तसलेच यंत्र सिद्ध झाले: प्रत्येक आवर्तनास एक कप्पी, सर्व कप्प्यांवरून जाणारी एकच तार, आणि तिच्या हालचालीने कागदावर भरतीची वक्ररेषा काढणारी लेखणी.

संगणकावरील सिंथेसायझरचा वेव्ह एडिटर हेच गणित ध्वनीसाठी करतो. त्याच्या मुख्य चौकटीत ध्वनीचे एकच आवर्तन रेखाटलेले असते: आडव्या अक्षावर काळ, आणि उभ्या अक्षावर स्पीकरच्या पडद्याने मध्यरेषेपासून किती पुढे वा मागे सरकावे याचा हुकूम. सीरम या प्रचलित सिंथमध्ये हे आवर्तन २०४८ बिंदूंचे असते. ते सेकंदास ११० वेळा फिरविले की एक सूर, २२० वेळा फिरविले की तोच वरच्या सप्तकात. सोबतचे उभे दांडे म्हणजे हार्मोनिके, अर्थात मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची कंपने.

नवशिक्याची दृष्टी साहजिकच आकृतीवर खिळते आणि तेथेच गफलत होते. मूळ कंपनात एक-तृतीयांश उंचीचे तिसरे हार्मोनिक, दोन्हींचा आरंभ एकाच क्षणी ठेवून, मिळवावे. शिखर दबून माथा चपटा होतो. आता दांड्याची उंची तीच ठेवून त्या हार्मोनिकची फेज, म्हणजे आवर्तनातील त्याच्या आरंभाची जागा, तेवढी १८० अंशांनी फिरवावी. माथा टोकदार होऊन आकृती ओळखू येईनाशी होते, पण लांबविलेल्या सुरात कानाला जवळजवळ काहीच फरक जाणवत नाही. बंदराचा व्यवहार नेमका उलटा: तेथे चंद्राचे आवर्तन दोन तास पुढे धरले, तर जहाज गाळात रुतेल. पायलटाला बेरीज हवी असते. कान बेरजेतल्या रकमा सुट्या करतो आणि कोणती किती मोठी, एवढ्यावरच बहुतांशी निवाडा देतो.

म्हणून आकृती निरर्थक ठरत नाही. कोपरा जितका तीव्र तितकी वरची हार्मोनिके जोरकस, त्यामुळे करवती आकृती झणझणीत आणि गोलाईची मवाळ. आवर्तनाचा शेवट आरंभाशी न जुळल्यास त्या उभ्या पायरीतून न मागितलेला कर्कशपणा उत्पन्न होतो. सबंध आकृती मध्यरेषेच्या वर सरकलेली असेल, तर ऐकू काही न येताही आवाज वाढविण्याची जागा व्यर्थ खर्ची पडते. आणि पुढे शिखरे दाबणारे डिस्टॉर्शन लावावयाचे असेल, तर शिखराची उंची, व म्हणून फेजही, ऐकू येऊ लागते. तात्पर्य, दुरुस्ती आकृतीवर करावी, सूर दांड्यांवर घडवावा.